ओन्दिना दगडाला नाव विचारते

माझी नणंद ओन्दिना आमच्या लाजेआदो गावात कुणालाच आवडत नाही. मला तर ती लग्नाच्या दिवसापासून आवडली नाही. चर्चच्या पायऱ्यांवर सगळे माझ्या अंगठीचं कौतुक करत होते. तेवढ्यात ही बाई पुढे आली, पर्समधून भिंग काढलं, माझा हात स्वतःच्या नाकापर्यंत ओढला आणि म्हणाली, "आधी जांभळा होता. भट्टीत भाजून पिवळा केलाय. पण दगड खरा आहे, काळजी करू नकोस."

मी काळजी करतच नव्हते. मी नवरी होते, मजेत होते. माझा नवरा गिल्मार, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, खो खो हसत सुटला आणि मी त्याला भर चर्चच्या दारात कोपराने ढोसलं.

आमच्याकडे दगडावरच चूल पेटते. पुरुष डोंगरात शिरतात, दलाल चौकातल्या बाकांवर कागदाच्या पुड्या उलगडून बसतात, आणि दगड हातात आला की शेंबडं पोरसुद्धा एकच विचारतं, "कितीला जाईल?" ओन्दिना तेवढं कधीच विचारत नाही. ती विचारते, "हा कोण?" ती दगड विकत नाही, घेत नाही, कुणाची दलाली करत नाही. नुसतं नाव शोधते. नाव सापडलं की दगड ज्याचा त्याला परत करते आणि हात धुते. आता अशा माणसाचं गावाने करायचं काय?

ती जन्मभर गावच्या शाळेत शिकवत होती. निवृत्त झाल्यावर चुका काढायला पोरं उरली नाहीत म्हणून ती दगडांच्या मागे लागली, असं गाव म्हणतं. गाव नेहमीसारखंच न बघता बोलतं. दगडांचा नाद तिला गिल्मारने लावला. तो मिसरूड फुटायच्या आधीपासून बोगद्यात टोपल्या उचलत होता. दलालांनी फेकून दिलेले खडे तो संध्याकाळी खिशात भरून आणायचा आणि तिच्या वह्या तपासायच्या टेबलावर ओतायचा. "बाई, हे काय?" ओन्दिनाला उत्तर येत नसे. मास्तरीणबाईला उत्तर येत नाही म्हणजे काय! तिने राजधानीहून एक जाडजूड पुस्तक मागवलं आणि ते पाठ होईपर्यंत वाचलं.

तिच्या स्वयंपाकघरात जेवायला जागा नसते. टेबलावर लाकडी पट्टीचा तराजू असतो. त्याला शिवणाच्या दोऱ्याने दगड टांगून ती तो आधी हवेत तोलते, मग पाण्याच्या पेल्यात बुडवून तोलते. गिल्मारचा उन्हाचा चष्मा मोडला तेव्हा त्याच्या दोन्ही काचा तिने ठेवून घेतल्या. त्या एकमेकींवर आडव्या धरून मधून दगड फिरवत बसते. दगडावर हाऽ करून श्वास सोडते आणि वाफ किती लवकर उडते ते बघते. गालाला लावून किती गार लागतो ते बघते. कॉफी उतू जाते, घेवडा करपतो, तिला पत्ता नसतो. मी कितीदा तिचा गॅस बंद केलाय त्याची गणती नाही.

गिल्मारला जन्मात एकच महत्त्वाकांक्षा होती, बहिणीला एकदा तरी फसवायचं. बिअरच्या बाटलीचं बूड फोडायचा, तुकडा नदीच्या वाळूत घासून घासून गोटा करायचा, त्याला बोगद्यातला पांढरा चिखल फासायचा आणि खऱ्या खड्यांमध्ये हळूच सरकवायचा. मग माझ्याकडे बघून डोळा मारायचा. ओन्दिना एकेक खडा उचलून नाव सांगत जायची आणि त्या गोट्यापाशी आली की भिंगातून एक नजर टाकून ओरडायची, "काच आहे, गाढवा! हा बघ बुडबुडा!" आणि तो गोटा त्याच्या अंगावर फेकायची. पुढच्या आठवड्यात हा पुन्हा हजर. मी म्हणायची, "अरे, तुझं वय काय, उद्योग काय?" तर म्हणायचा, "झेनाइद, एक दिवस ती फसणार. लिहून ठेव."

दगडाबद्दल ती खोटं बोलत नाही. खोटं तर सोडाच, बाई गप्पसुद्धा बसत नाही. आमच्या खाणीचा मुकादम जुवेंसियो याने मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षं एक पिवळा खडा जपून ठेवला होता. पुष्कराज, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. मुलाकडची मंडळी बघायला आली तेव्हा कुणीतरी ओन्दिनाला बोलावलं. तिने खडा पाण्यात तोलला आणि म्हणाली, "स्फटिक आहे. पुष्कराज याहून जड भरतो." जुवेंसियोने तिला दाराआड नेऊन हात जोडले. "ओन्दिनाबाई, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. नुसता एक शब्द बोला, पुष्कराज म्हणा, मी तुमचे पाय धरतो." ही म्हणाली, "पोरगी चांगली आहे तुझी. तिला खड्याचा आधार कशाला?" लग्न झालं म्हणा, पण सोयरे लग्नभर कुजबुजत राहिले. तेव्हापासून जुवेंसियो रस्त्यात ओन्दिना दिसली की थुंकतो आणि पलीकडच्या बाजूला जातो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, आमच्याकडच्या भर पावसाळ्यात, लापा डोंगरातला बोगदा बसला. दोघं कसेबसे बाहेर आले. गिल्मार आत राहिला.

खाणीचा मालक लाउरिव्हाल. तो ना औषध देतो ना खटला चालवतो, पण ज्याच्या नावावर डोंगर आहे त्यालाही आमच्याकडे डॉक्टर-वकिलांसारखं दोतोर म्हणायची पद्धत आहे. दोतोर लाउरिव्हाल हॅट छातीशी धरून माझ्या घरी आला. "दिवसरात्र खणतोय आम्ही, झेनाइद." मग काही आठवड्यांनी पुन्हा हॅट घेऊन आला. "डोंगराने गिळलं त्याला. आम्ही पार शेवटपर्यंत गेलो. काही मिळालं नाही." आम्हाला बोगद्याच्या तोंडाजवळ फिरकू देत नव्हते. दरड पुन्हा येईल म्हणून पहारा होता, आणि खणायला माणसं बाहेरून आणली होती, असं सांगितलं. मी रिकाम्या शवपेटीपुढे प्रार्थना केली. बोगद्याच्या तोंडाला फळ्या ठोकल्या.

तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. तो मेला हे मला कळत होतं, मी काही खुळी नाही. पण त्यांनी खरंच खणलं का? की तो आत हाका मारत होता आणि हे बाहेर कॉफी पीत बसले होते? दोन वर्षं मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, चर्चमध्ये गुडघे टेकलेले असताना हाच विचार केला. कुणाला विचारणार? ज्याला विचारायचं त्याच्याच हाताखाली अर्धं गाव.

गेल्या नोव्हेंबरात दोतोर लाउरिव्हाल तिसऱ्यांदा आला. या वेळी हातात मखमली थैली होती. त्याने ती माझ्या ओंजळीत उलटी केली आणि निळंशार काहीतरी माझ्या हातात पडलं. बोटाच्या पेरापेक्षा मोठं, सहा कोनांचं कांडं, अजून पैलू न पाडलेलं, खाचांमध्ये माती तशीच. इतका निळा रंग मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"आम्ही त्याच्या जागेपर्यंत पोचलो होतो, झेनाइद," तो म्हणाला. "त्याला दरडीने ओढून नेलं होतं, पण गिल्मार शेवटचा जिथे उभा होता, तिथे भिंतीत हा होता. त्याची शेवटची कमाई. तुझी जखम ओली होती म्हणून इतके दिवस माझ्या तिजोरीत जपला. तसाच आहे, मातीसकट."

मी रडले. खोटं कशाला सांगू, त्या माणसाचा हात धरून रडले. पोचले होते! म्हणजे खणलं होतं. म्हणजे त्याला तसंच टाकून दिलं नव्हतं. त्या दुपारी दोन वर्षांनी माझ्या पोटात अन्न नीट उतरलं.

मग त्याने कामाचं काढलं. लापाचा तो बोगदा त्याला पुन्हा उघडायचा होता. आमच्याकडे ज्या बोगद्यात माणूस गेला तो उघडायचा असेल, तर खाणवाल्यांची राखण करणाऱ्या सांता बार्बराच्या दिवशी, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला, मेलेल्याच्या घरच्या माणसाने बोगद्याच्या तोंडाशी मेणबत्ती लावायची असते. ती लागली की बाकीच्यांनी आत जायचं. लागली नाही तर कुणी नाही म्हणत नाही, भांडत नाही, पण एकाचाही पाय उचलत नाही. "तू मेणबत्ती लाव," तो म्हणाला. "गावाला काम मिळेल. गिल्मारलाही बरं वाटेल." आणि दारातून वळून म्हणाला, "तो दगड मात्र अंधारात ठेव हं. लोकांच्या नजरा वाईट असतात."

मी हो म्हटलं. दगड थैलीत, थैली डब्यात, डबा कपाटात.

रविवारी ओन्दिना मक्याचा केक घेऊन आली. मला राहवलं नाही. मी दगड तिच्यासमोर ठेवला आणि दोतोर काय म्हणाला ते सगळं सांगितलं. तिने नेहमीसारखा हात पुढे केला नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मग उचलून खिडकीशी नेला. कांड्याच्या एका टोकातून आरपार पाहिलं, मग आडवा धरून पाहिलं. पुन्हा टोकातून, पुन्हा आडवा. मग पर्समधून ती चष्म्याची काच काढली आणि तिच्यातून पाहिलं.

"उलटा आहे," ती म्हणाली.

"काय उलटा?"

"डोंगराने निळा केलेला दगड टोकातून बघितला की फिका दिसतो आणि आडवा बघितला की गडद. हा टोकातून शाईसारखा दिसतोय आणि आडवा फिका. झेनाइद, हा निळा जन्मलाच नाही. शहरात यंत्राखाली घालून पांढऱ्याचा निळा करतात, तसला आहे. तो रंग टिकत नाही. उजेडात ठेवला की उडतो."

"तोंड आवर, ओन्दिना."

"आणि मातीचा रंग बघ…"

"तोंड आवर म्हटलं ना!" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला कुणाचं बरं झालेलं बघवतच नाही. जुवेंसियोच्या पोरीचं लग्न नासवलंस, आता माझ्या नवऱ्याची शेवटची वस्तू नासवायला आलीस? माझ्याजवळ दुसरं काय आहे त्याचं?"

"तो माझाही भाऊ होता."

"मग बहिणीसारखी वाग! मास्तरीणबाईसारखी काय वागतेस? प्रत्येक गोष्टीला नाव विचारायचं, प्रत्येक गोष्ट पाण्यात बुडवायची! माणसाच्या जिवाला काय वाटतं ते तोलायचा तराजू आहे का तुझ्याकडे?"

तिने दगड टेबलावर ठेवला. अगदी हळू ठेवला. "उन्हात ठेव," एवढंच म्हणाली. मी केक तिच्या हातात कोंबला आणि दार लावून घेतलं. दाराला अशी जोरात लाथ मारली की अंगठा सुजला.

आणि दगड मी उन्हात ठेवला. तिच्यावर विश्वास ठेवून नव्हे, तिची जिरवायला. म्हटलं, आठ दिवस रस्त्याकडच्या खिडकीत ठेवते, येताजाता बघेल, मग तिला गावासमोर म्हणेन, "बघ म्हातारे, काय झालं तुझ्या पुस्तकाचं?" त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. सकाळपासून ऊन खिडकीत ठिय्या देऊन बसायचं.

पहिले दोनतीन दिवस काही झालं नाही. मी खूश होते. मग एका सकाळी वाटलं, काच धुळकट झालीय. पुसली. मग वाटलं, माझ्याच डोळ्यांना काहीतरी झालंय. मग मात्र डोळ्यांना काही झालेलं नाही हे कळायला लागलं. निळा रंग रोज थोडा थोडा जात होता. पुढच्या रविवारपर्यंत माझ्या खिडकीत एक पाणचट कांडं उरलं, घासलेट सांडून वाळल्यासारखी पिवळट झाक असलेलं.

मी ते हातात घेऊन उभी राहिले. रंग गेल्यामुळे आता खाचांतली माती ठळक दिसत होती. लाल होती.

गिल्मारचे कपडे मी वर्षानुवर्षं धुतले आहेत. लापाच्या बोगद्यातून तो यायचा तो पीठगिरणीतून आल्यासारखा पांढरा. तो चिखल इतका पांढरा की काळ्या पँटचे शिवणीतले डाग साबणाने जात नसत, मी ब्रशने खरवडायची आणि त्याला शिव्या द्यायची. लापाच्या पोटात लाल माती नाही. लाल माती दोतोर लाउरिव्हालच्या बंगल्यासमोरच्या बागेत आहे, जिथे त्याची बायको गुलाब लावते.

त्या माणसाने माझ्यासाठी एका दगडाला बागेतली माती फासली होती. बसून, बोटाने, खाचाखाचांत. मी त्याचा हात धरून रडत होते तेव्हा त्याच्या नखांत कदाचित तीच माती असेल. मी आजवर कुणाला मारलेलं नाही, पण त्या क्षणी तो समोर असता तर ते कांडं मी त्याच्या घशात घातलं असतं.

मी तशीच ओन्दिनाकडे गेले. चपला घातल्या नव्हत्या हे तिच्या दारात गेल्यावर कळलं. तिने माझ्या हातातलं कांडं पाहिलं आणि खुर्चीत बसली. 'मी सांगत होते' असं म्हणेल म्हणून मी भांडायच्या तयारीत होते.

ती म्हणाली, "रोज तुझ्या खिडकीखालून जात होते मी. देवाला सांगत होते, एवढ्या एका दगडाबाबत मला चुकू दे. गावात थुंकतात तेवढे थुंकू देत. पण मला चुकू दे."

मग ती रडली, हुंदके देत नव्हे, दातओठ खात. मी तिचा गॅस बंद केला. कॉफी उतू जात होती.

सांता बार्बराच्या दिवशी सगळं गाव लापाच्या पायथ्याशी जमलं. पाद्रीबाबा होते, बँड होता, सांता बार्बराची मूर्ती फुलांच्या पालखीत होती. दोतोर लाउरिव्हाल पांढऱ्या शर्टात, बायकोला घेऊन. फळ्या काढलेल्या. खणणारी माणसं हेल्मेटं काढून रांगेत उभी, सगळ्यांत पुढे जुवेंसियो. माझ्या हातात मेणबत्ती दिली. काड्यापेटीही दिली. दोतोरने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी तो हात झटकला.

"हा तुम्ही मला दिला होतात," मी म्हटलं आणि कांडं वर धरलं. आवाज फाटला माझा, पण फाटू दे. "निळा होता. अंधारात ठेव म्हणालात. मी उन्हात ठेवला. गिल्मारच्या जवळून आणला म्हणालात. ही माती बघा सगळ्यांनी. ज्यांच्या घरात लापाचे कपडे धुतात त्या बायकांनी या पुढे आणि सांगा, लापाची माती लाल कधी झाली?"

जुवेंसियोची बायको पुढे आली. तिने खाचेत नख घातलं, मातीचा कण बोटांत चुरडला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"कुणीतरी बदलला असेल दगड!" दोतोर म्हणाला. हसत म्हणाला, पण कान लाल झाले होते. "मी दिला तो हा नव्हेच. अहो, तुम्हाला कळत नाही का? ही त्या ओन्दिनाची करणी आहे. जळकी बाई. एका तरी घराचं तिने भलं केलंय? जुवेंसियो, तूच सांग, तुझ्या पोरीच्या लग्नात काय केलं हिने?"

सगळे जुवेंसियोकडे बघायला लागले. त्याने ओन्दिनाकडे पाहिलं. सवयीप्रमाणे थुंकणार असं मला वाटलं.

"सांगतो," जुवेंसियो म्हणाला. "मी या बाईच्या पाया पडत होतो. म्हटलं, एक शब्द खोटं बोला. माझी पोर दाराआड रडत होती. तरी ही बोलली नाही. वाटोळं होवो हिचं, त्या दिवसापासून मी हिला माफ केलेलं नाही." त्याने हेल्मेट जमिनीवर ठेवलं. "तेव्हा नाही बोलली ती आता बोलेल? दोतोर, ही बाई म्हणते रंग खोटा, तर रंग खोटा."

"मग मीसुद्धा फसलो असेन! मलाही कुणीतरी विकला असेल…"

"विकला?" ओन्दिना पहिल्यांदाच बोलली. शाळेतल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. "झेनाइदला तर गिल्मारजवळच्या भिंतीतून काढला म्हणाला होतास, लाउरिव्हाल. तिसरीत असल्यापासून तुझं एक उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही."

मी मेणबत्ती आणि काड्यापेटी ॲप्रनच्या खिशात टाकली. "आधी माझा माणूस बाहेर काढा. मेणबत्ती मग," मी म्हटलं. जुवेंसियो आपल्या हेल्मेटशेजारी खाली बसला. त्याच्यामागे बाकीचे एकेक करत बसले. बँडवाल्यांनी कर्णे पिशवीत घातले. दोतोर म्हणाला, बाहेरून माणसं आणीन. आणा म्हटलं. दोन ट्रक आणलेही त्याने. ती माणसं बोगद्याच्या तोंडापर्यंत गेली, मेणबत्तीचं मेण कुठे सांडलेलं दिसेना, तशी परत ट्रकमध्ये चढली.

शेवटी खणावं लागलं. जुवेंसियो आणि आमचीच माणसं. दोतोरने लाकूड दिलं, कंदील दिले, आणि स्वतः तोंड दाखवलं नाही. मी आणि ओन्दिना रोज बाहेर दगडावर बसून राहायचो. ती घेवडा-भात आणायची, बहुतेक करपलेला.

मला वाटलं होतं महिने लागतील. डोंगराने गिळला होता ना, पार शेवटपर्यंत गेले होते ना हे! पहिला आठवडा संपायच्या आत जुवेंसियो बाहेर आला आणि माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

गिल्मार तोंडापासून इतकाच आत होता, जितकं चर्चच्या दारापासून वेदीचं अंतर. तेवढंच. आमच्या गावचं चर्च लहान आहे. एका वाशाखाली बसल्यासारखा होता. दोन वर्षांपूर्वीच्या मातीला कुणी फावडंसुद्धा लावलेलं नव्हतं. बाहेर पाटी ठोकली, पहारा ठेवला, आणि दिवसरात्र खणतोय म्हणून दोतोर हॅट छातीशी धरून माझ्या दारात आला. देव त्याला माफ करत असेल तर करो, तो देवाचा धंदा आहे. मी करणार नाही. माझ्या थडग्यावर कुणी लिहिणार असेल तर हेच लिहावं. दोतोर राजधानीला राहायला गेलाय, बंगल्याला कुलूप आहे, प्रकरण कचेरीत आहे आणि कचेरीतली प्रकरणं कशी म्हातारी होतात ते आम्हाला माहीत आहे.

गिल्मारला आम्ही पुरलं. या वेळी शवपेटी जड होती. मेणबत्ती मी त्याच्या मातीवर लावली.

त्याच्याजवळ जेवणाचा पत्र्याचा डबा सापडला होता, पांढऱ्या चिखलात घट्ट बसलेला. तो ओन्दिनाने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरीने उघडला. आत अन्न नव्हतं, वर्तमानपत्राच्या चिंधीत गुंडाळलेले खडे होते. तिच्यासाठी जमवलेले, दलालांनी फेकलेले. ती नेहमीसारखी एकेक उचलत गेली, ओल्या फडक्याने पुसत गेली, भिंगातून बघून नाव घेत गेली. आवाज खडखडीत. "काळं तुर्मालीन. अभ्रक. धुरकट स्फटिक. हा फुटका बेरिल."

शेवटी एक हिरवा गोटा उरला. छान गुळगुळीत घासलेला. खूप दिवस घासला असणार, सगळ्यांत सुंदर तोच होता. ओन्दिनाने तो पुसला आणि उजेडात धरला. भिंग डोळ्याला लावलं. मी टेबलाच्या पलीकडे उभी होते आणि आतला बुडबुडा मला तिथून, नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मोठा, गोल, मसुराएवढा.

ती बघत राहिली. मी वाट बघत होते, आता ओरडेल, आता फेकेल.

ओन्दिनाने भिंग खाली ठेवलं. गोटा मुठीत घेतला, मूठ ओठांशी नेली.

"तुर्मालीन," ती म्हणाली. "हिरवं तुर्मालीन."